गाभण मांजर घरात घेतली आहे: विण्याआधी, विताना आणि नंतर

पायरीवरची:
भटकी मांजर घरात घेतली, चार दिवस पोटभर खाल्लं आणि आता पोट जरा जास्तच दिसतंय. अशा वेळी लागणारी माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा. सुरुवात मी करते, जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे सरळ सांगावं.

आधी ती खरंच गाभण आहे का ते बघा. भटक्या मांजरीचं पोट जंतांनीही टम्म होतं आणि गर्भाशयात पू झाला तरी फुगतं. जंतांचं पोट असेल तर पोट गोल पण बरगड्या आणि कणा हाताला टोचतात, अंगावरचे केस राठ असतात. गर्भाशयात पू झाला असेल तर ती मलूल असते, पाणी फार पिते, खात नाही, कधी मागून घाण स्राव येतो. ही दुसरी गोष्ट त्याच दिवशी डॉक्टरकडे नेण्याची आहे.

घरच्या घरी दिसणारी त्यातल्या त्यात भरवशाची खूण म्हणजे सड. बोका लागल्यापासून साधारण तिसऱ्या आठवड्यात ते गुलाबी आणि उठावदार होतात, भोवतीचे केस विरळ होतात. पहिलटकरणीत हे ठळक दिसतं. आधी व्यालेलीचे सड तसेही मोठे असतात, तिथे फसगत होते. पोट दाबून पिल्लं चाचपायला जाऊ नका. डॉक्टरांना साधारण २१ ते २८ दिवसांत हाताने कळतं, सोनोग्राफीत २५ दिवसांच्या आसपास हृदयाचे ठोके दिसतात. पिल्लांची हाडं एक्स-रेमध्ये दिसायला ४० दिवस उलटून जावे लागतात आणि नीट मोजता यायला ५५.

एकूण काळ बहुधा ६३ ते ६५ दिवसांचा. ५८ दिवसांच्या आत जन्मलेली पिल्लं सहसा जगत नाहीत. अडचण एवढीच की भटक्या मांजरीची तारीख कुणालाच माहीत नसते. ती शांत पडलेली असताना कुशीत पिल्लांची हालचाल नुसत्या डोळ्यांना दिसत असेल तर शेवटचे दोनेक आठवडे उरलेत असं धरून तयारीला लागावं.

काटकोन:
चांगला धागा. डॉक्टरकडच्या पहिल्या भेटीबद्दल लिहितो, कारण तिथे एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते: "ही गाभण असू शकते." शंका असली तरी सांगा.

कारण लस. जिवंत विषाणूची लस गाभण मांजरीला देत नाहीत. पॅनल्यूकोपेनियाचा (मांजरींचा एक जीवघेणा संसर्ग) विषाणू, लसीतला दुबळा केलेला असला तरी, पिल्लांच्या लहान मेंदूची वाढ बिघडवू शकतो. अशी पिल्लं जन्मभर लटपटत चालतात. बाहेरून आणलेल्या मांजरीला "लगेच सगळ्या लसी टोचून घ्या" हा सल्ला एरवी बरोबर, इथे घातक. औषधांचंही तसंच. गजकर्णावरचं ग्रिसिओफल्व्हिन गर्भात व्यंग आणतं. काही अँटिबायोटिकही चालत नाहीत.

जंतांचं औषध मात्र टाळू नका. मांजरीच्या अंगातले गोल जंत दुधातून पिल्लांत जातात. फेनबेंडाझोल, पायरँटेल ही गाभणपणात चालणारी औषधं आहेत, मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडून घ्या.

पिसवांकडेही दुर्लक्ष नको. शंभर ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगावर पंधरा-वीस पिसवा असल्या तरी ते रक्त कमी होऊन दगावू शकतं. आईसाठी गाभणपणात चालेल असं औषध डॉक्टर देतात, सोबत बारीक दातांची फणी. कुत्र्यांचं पिसवांचं औषध कधीही लावू नका. त्यात बऱ्याचदा पर्मेथ्रिन असतं, ते मांजरीला विष आहे. माणसांच्या गोळ्यांचंही तेच, पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजर मारू शकते.

रक्ताची एफआयव्ही (प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू) आणि फेल्व्ह (मांजरींचा ल्युकेमिया विषाणू) चाचणी करून घ्या. फेल्व्ह आईच्या लाळेतून, दुधातून पिल्लांना होतो. घरात आधीच मांजर असेल तर निकाल काहीही येवो, निदान दोन आठवडे दोघींच्या खोल्या, भांडी, शू-शीच्या मातीचे ट्रे वेगळे.

सडाफटिंग:
दोन बाळबोध प्रश्न. दूध पाजावं का? आणि कॅल्शियमच्या गोळ्या? माणसांत देतात म्हणून विचारतो.

निळी शाई:
दोन्हींचं उत्तर नाही.

बहुतेक मोठ्या मांजरींना गाईम्हशीचं दूध पचत नाही, ढाळ लागतात आणि गाभण मांजरीला ढाळ लागले की अंगातलं पाणी कमी होतं. "दूध प्यायली की दूध येईल" हा समजही खोटा. दुधाला लागतं ते पाणी आणि प्रथिनं.

कॅल्शियमचं कारण जरा उलटं आहे. गाभणपणात बाहेरून कॅल्शियम दिलं की हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची सवय मंदावते. मग विण्यानंतर दुधासाठी एकदम मागणी वाढते, तेव्हा रक्तातलं कॅल्शियम कोसळतं आणि झटके येतात. म्हणजे टाळायला गेलो तेच होतं. पिल्लांसाठी असलेलं तयार खाणं, ज्याच्या पाकिटावर वाढीसाठी आणि पाजणाऱ्या मांजरीसाठी संपूर्ण आहार असं लिहिलेलं असतं, त्यात कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण बसवलेलं असतं. वर काही घालायची गरज नाही. घरचंच खाणं द्यायचं असेल तर नुसतं मांस म्हणजे पुरं खाणं नव्हे, त्यात कॅल्शियम फारच कमी असतं. ते प्रमाण डॉक्टरांकडून बसवून घ्या.

किती द्यायचं? ४ किलोच्या मांजरीला एरवी दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी लागतात. गाभणपणाच्या शेवटी दीडपट, आणि पिल्लं तीन-चार आठवड्यांची असताना दुप्पट ते तिप्पट, पिल्लं जास्त असतील तर त्याहूनही थोडं अधिक. शेवटच्या तीन आठवड्यांत पोटात जागाच उरत नाही, म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी. सुकं खाणं दिवसभर पुढे ठेवलं तरी चालतं, ही वजन वाढण्याची चिंता करायची वेळ नाही. गाभणपणात साठवलेली चरबी ती पाजताना वापरते. खाणं बदलताना मात्र सात दिवस घ्या, रोज नवं थोडं वाढवत.

चौथा प्रहर:
एक अप्रिय मुद्दा कुणीतरी मांडायला हवा म्हणून मांडतो. गाभण असतानाही नसबंदी करता येते. घरं मिळणार नाहीत हे दिसत असेल, मांजर स्वतःच सहा महिन्यांचं पोर असेल किंवा फार अशक्त असेल, तर हा पर्याय डॉक्टरांशी बोलून बघावा. जितकी लवकर तितकी शस्त्रक्रिया सोपी, उशिरा रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि धोका वाढतो.

पायरीवरची:
मुद्दा योग्य आहे. एकच भर: शेवटच्या आठवड्यात आणून हा निर्णय डॉक्टरांवर ढकलू नये. पटत असेल तर पहिल्याच भेटीत विचारा. यावर वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढूया, इथे पुढे जाऊ.

अर्धवट झोप:
विण्याच्या जागेबद्दल. अपेक्षित तारखेच्या दोन आठवडे आधी खोकं मांडून ठेवा, म्हणजे तिच्या अंगाचा वास त्याला लागतो. साधारण ६० × ४५ सेंटिमीटर तळ, उंची ४०-४५. आई आडवी होऊन पाय ताणू शकली पाहिजे, पण खोकं एवढं मोठंही नको की पिल्लू एका कोपऱ्यात हरवेल. दाराच्या बाजूला १२ ते १५ सेंटिमीटरचा उंबरठा ठेवा. सडाला चिकटलेलं पिल्लू आईबरोबर फरपटत बाहेर येतं, ते त्या कडेला अडून आत पडतं. वरून अर्धं झाकण, उघडून हात घालता येईल असं.

खाली वर्तमानपत्राचे जाड थर, वर जुनी सुती चादर किंवा फ्लीस. टॉवेल नको, त्याच्या फासांत पिल्लांची नखं अडकतात. धागे सुटलेलं कापडही नको, पायाला किंवा गळ्याला वेढा बसतो. ट्रेमध्ये ओली झाली की गोळे होणारी माती असेल तर विण्याच्या सुमारास ती बदलून फाडलेले कागद किंवा कागदी दाणे घाला. ती माती पिल्लांनी खाल्ली तर पोटात गोळा होतो. ट्रे आणि खाण्याची भांडी जवळ ठेवा, पण खोक्याला खेटून नको.

शेवटी मांजर कपाटातल्या कपड्यांतच विणार, हे गृहीत धरा. कपाटं बंद ठेवा आणि एकाऐवजी दोन जागा मांडा, निवड तिला करू द्या.

जवळ काय ठेवायचं: स्वच्छ लहान फडकी आठ-दहा, १ ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकाचा वजनकाटा, जाड सुती दोरा, बोथट टोकाची कात्री, पोव्हिडोन आयोडीन, थर्मामीटर, गरम पाण्याची बाटली, मांजरीच्या पिल्लांसाठीची दूधपावडर एक डबा (उघडू नका, लागली तरच), वही, आणि रात्री दोन वाजता उघडा असणारा दवाखाना कुठला ते लिहिलेला कागद. हा शेवटचा कागद सगळ्यांत महत्त्वाचा.

निळी शाई:
आता प्रत्यक्ष विणं. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

विण्याआधी एक-दोन दिवस ती खाणं कमी करते, जागा खरवडते, मागचा भाग सारखा चाटते, सडातून दुधाचा थेंब दिसू शकतो. अंगाचं तापमान एरवी ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं, ते १२ ते २४ तास आधी ३७.८ च्या खाली येऊ शकतं. कुत्रीत ही खूण बरी लागू पडते, मांजरीत भरवसा नाही. दर दोन तासांनी थर्मामीटर घालून तिला छळू नका.

पहिला टप्पा ६ ते १२ तासांचा, पहिलटकरणीत २४ तासही जातात. या वेळी बाहेरून काही दिसत नाही. ती खोक्यात जाते-येते, धापा टाकते, गुरगुरते, ट्रेमध्ये उगाच बसते. काही मांजरी माणसाला चिकटतात, काही दिसेनाशा होतात. जी चिकटते तिच्याजवळ बसा, जी लपते तिला लपू द्या.

दुसऱ्या टप्प्यात कळा दिसतात, पोट आवळतं, ती पाय भिंतीला रोवते. खऱ्या जोराच्या कळा सुरू झाल्यापासून पहिलं पिल्लू बहुधा अर्ध्या तासात येतं. पुढची दहा मिनिटांपासून तासाभराच्या अंतराने. आधी पाण्याच्या फुग्यासारखी पिशवी दिसते, मग पिल्लू. मागचे पाय आधी आले तर दचकू नका, मांजरीत तिसरा हिस्सा पिल्लं तशीच येतात आणि ते सामान्यच आहे. पाय वर दुमडलेले आणि नुसती शेपटी-ढुंगण पुढे असेल तर मात्र अडकू शकतं.

प्रत्येक पिल्लाबरोबर किंवा जरा मागून वार (प्लॅसेंटा) पडते. कधी दोन पिल्लांच्या वारा एकदम पडतात. वहीत दोन रकाने करा, पिल्लू आणि वार, वेळेसकट. आई वार खाते, खाऊ द्या, एक-दोन. पाच-सहा खाल्ल्या तर उलट्या, ढाळ होतात. गंमत म्हणजे ती अंधारात इतकी झटकन खाते की मोजणारा चुकतोच, त्यामुळे एक वार कमी भरली म्हणून लगेच घाबरायला नको. मात्र पुढचे दोन-तीन दिवस ताप आणि वासाकडे लक्ष ठेवा. वार ओढून काढू नका, गर्भाशय फाटू शकतं.

सडाफटिंग:
मध्येच थांबली तर? दोन पिल्लं झाली आणि मग काहीच नाही, असं ऐकलंय.

काटकोन:
होतं, आणि मांजरीतच होतं. आईने काही पिल्लं विऊन मध्ये १२-२४ तास विश्रांती घ्यायची, पिल्लांना पाजायचं, खायचं-प्यायचं, आणि मग उरलेली व्यायची. ओळखायचं कसं? विश्रांती घेणारी मांजर शांत असते, कळा नसतात, पिल्लांना चाटते. अडलेली मांजर अस्वस्थ असते, कण्हते, कळा देते पण पिल्लू येत नाही, किंवा कळा देऊन थकून मलूल पडलेली असते. इथेच ५५ दिवसांनंतरच्या एक्स-रेचं मोल कळतं. पाच मोजलेली असतील आणि तीनच आली असतील तर निदान अजून दोन आहेत हे नक्की माहीत असतं. शांत दिसली तरी फोन करून डॉक्टरांना कळवून ठेवा.

न थांबता दवाखान्यात न्यायचं ते असं. जोराच्या कळा २० ते ३० मिनिटं चालू आणि पिल्लू नाही. पिल्लू किंवा पिशवी बाहेर दिसतेय आणि दहा मिनिटांत पुढे सरकली नाही. ताजं लाल रक्त दहा मिनिटांहून जास्त वाहतंय. स्रावाला कुजका वास. आई उठत नाही, थरथरते, ताप ३९.५ च्या वर. आणि तारीख माहीत असेल तर ६७-६८ दिवस उलटूनही काही हालचाल नाही. नेताना झालेली पिल्लं सोबत न्या, वेगळ्या उबदार डब्यात, तिच्या पिंजऱ्यात नको. कळांमध्ये ती त्यांच्यावर लोळेल.

कळा वाढवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन घरी आणून टोचू नये. पिल्लू आडवं अडकलं असताना ते दिलं तर गर्भाशय फुटू शकतं.

चौथा प्रहर:
वरच्या सगळ्यावरून असं वाटेल की आपण दाईच व्हायचंय. तसं नाही. बहुसंख्य मांजरी एकही हात न लागता वितात. आपण तीन मीटरवर बसायचं, दिवा मंद ठेवायचा, मोबाइल बंद, शेजारपाजाऱ्यांना बघायला बोलावायचं नाही. जास्त वावर झाला की मांजर कळा थांबवू शकते.

हात घालायची वेळ मुख्यतः एकच: पिल्लू बाहेर आलं आणि मिनिटभरात आईने तोंडावरची पिशवी फाडली नाही. तेव्हा काय करायचं ते बारकाईने सांगतो, कारण तिथे विचार करायला वेळ नसतो.

हात धुतलेले हवेत. नाकाशी पिशवी चिमटीत धरून फाडा, मागे सोलत न्या. फडक्याच्या टोकाने नाक आणि तोंडाच्या आतला चिकटा पुसा. मग पिल्लू फडक्यात, डोकं अंगापेक्षा जरा खाली, मानेला तळव्याचा आधार, आणि पाठीवरून-छातीवरून चोळा. हळुवार गोंजारणं नव्हे, आईची खरबरीत जीभ जशी घासते तसं, केसांच्या उलट दिशेने. पिल्लू निळसर-करडं असतं, पहिला श्वास घेतला की जीभ आणि पंजे गुलाबी होऊ लागतात. ते ओरडलं पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं चोळत राहा, लवकर हार मानू नका. पिल्लाला हातात धरून झोका देऊन पाणी काढायची जुनी पद्धत सोडून द्या, त्याने मेंदूत रक्तस्राव होतो.

नाळ आईने तोडली नाही तर घाई नाही, वार बाहेर येईपर्यंत थांबा. पोटापासून ३ सेंटिमीटरवर आयोडीनमध्ये भिजवलेल्या दोऱ्याची गाठ मारा, गाठीच्या पलीकडे, वारेच्या बाजूला कापा. कापताना नाळेला पिल्लाच्या पोटाकडून ताण बसता कामा नये, त्याने बेंबीशी हर्निया होतो. टोकाला आयोडीन लावा. आणि लगेच आईच्या तोंडापुढे ठेवा, चाटू द्या.

पिल्लू अर्धं बाहेर येऊन अडलं आणि दवाखाना लांब आहे, तर कोरड्या फडक्याने खांद्याशी किंवा कमरेशी पकडा, पायाला किंवा डोक्याला नाही. कळ आली की त्याच वेळी, आईच्या मागच्या पायांच्या दिशेने, खाली वळवत हलका ताण द्या. कळ थांबली की थांबा. दोन-तीन कळांत सुटलं नाही तर निघा.

अर्धवट झोप:
पिल्लं झाली की लोक सुटकेचा श्वास सोडतात. खरं तर पहिल्या आठवड्यात पिल्लं जास्त जातात, आणि त्याचं मोठं कारण थंडी.

नवजात पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही, थरथरताही येत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांच्या जागी २९ ते ३२ अंश हवेत, दुसऱ्यात २७ ते २९, मग हळूहळू कमी. पण आईला एवढी उष्णता सोसत नाही, ती उठून जाते. म्हणून ऊब खोक्याच्या अर्ध्या भागातच, कापडात गुंडाळलेल्या बाटलीने किंवा खालून. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा: एकमेकांवर ढीग करून पडली असतील तर थंडी, वेगवेगळी विखुरून ओरडत असतील तर उकाडा, शेजारीशेजारी सैल झोपली असतील तर ठीक.

पिल्लू थंड पडलंय का हे तोंडात करंगळीचं टोक घालून कळतं. आत गार लागलं तर आधी ऊब, मग दूध. थंड पिल्लाची आतडी चालत नाहीत, पाजलेलं दूध पोटात सडतं किंवा फुप्फुसात जातं. अंगाशी, कपड्याच्या आत धरून तासा-दोन तासांत हळूहळू गरम करा. गरम पाण्यात बुडवणं, हेअर ड्रायर, हे सगळं बाद.

रोज ठरावीक वेळी वजन. जन्मतः साधारण ९० ते ११० ग्रॅम. पहिल्या दिवशी किंचित कमी झालं तर चालतं, दहा टक्क्यांहून जास्त नको. पुढे रोज १० ते १५ ग्रॅम वाढलं पाहिजे, दोन आठवड्यांत निदान दुप्पट. चोवीस तासांत काहीच वाढलं नाही तर बाकी ठणठणीत दिसत असलं तरी काहीतरी बिघडलंय. ओरडायला, मलूल व्हायला सुरुवात होते तोवर उशीर झालेला असतो, काटा एक दिवस आधी सांगतो. सारखी दिसणारी पिल्लं असतील तर अंगावरच्या खुणा वहीत लिहा. गळ्यात दोरे बांधू नका.

पहिलं दूध, म्हणजे चीक, पहिल्या १२ ते १६ तासांत पोटात गेलंच पाहिजे. त्यानंतर त्यातलं संरक्षण आतड्यातून शोषलं जात नाही. दुबळं पिल्लू मागच्या सडाला लावून द्या, मोठ्यांना मिनिटभर बाजूला करा.

सडाफटिंग:
वरून पाजायची वेळ आली तर किती आणि कसं?

अर्धवट झोप:
१०० ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी ४ मिली मावतं, त्याहून जास्त नको. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पिल्लांची दूधपावडर, डब्यावरच्या प्रमाणात, ३८ अंशांना कोमट. पिल्लू पोटावर, मान किंचित वर, जसं आईजवळ पितं तसं. उताणं धरून बाळासारखं पाजलं की दूध फुप्फुसात जातं. नाकातून दूध आलं तर तिथेच थांबा. पाजल्यावर ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली पुसत राहा, शू-शी होईपर्यंत. तीन आठवड्यांपर्यंत त्यांना स्वतःहून ती होत नाही, एरवी आई चाटून करवते.

निळी शाई:
आईकडेही बघा, सगळे पिल्लांकडेच बघतात. लालसर-तपकिरी स्राव कमी कमी होत तीन आठवडे राहू शकतो. त्याला वास आला, पू आला, ती पिल्लांना सोडून लांब झोपायला लागली, ताप आला, तर गर्भाशयाचा संसर्ग. रोज सगळे सड हलकेच चाचपा. एखादा कडक, गरम, दुखरा, निळसर-जांभळा झाला तर स्तनदाह, उशीर केला तर तिथली कातडी गळते.

पहिल्या चार आठवड्यांत ती ताठ पायांनी चालायला लागली, तोंड-कान फडफडू लागले, धापा, थरथर, तर कॅल्शियम कोसळलंय. तासाभरात झटके येऊ शकतात. पिल्लं लगेच बाजूला करून दवाखाना. ही वाट बघायची गोष्ट नाही.

पायरीवरची:
दोन छोट्या गोष्टी. आईने पिल्लं उचलून दुसरीकडे नेली तर मागे लागू नका. उजेड, आवाज किंवा फार हाताळणी, यातलं एक कारण बहुधा असतं. ते बदला. नवी जागा सुरक्षित, उबदार असेल तर तिथेच राहू द्या. आणि बोका, मग तो घरातला कितीही गरीब असो, पहिले काही आठवडे त्या खोलीत नको.

पिल्लांचे डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. त्याआधी बंद पापणी फुगलेली दिसली, कडेला पिवळं दिसलं, तर आत पू साठलाय. त्याच दिवशी डॉक्टर. बुबुळ कायमचं जाऊ शकतं.

काटकोन:
जंतांचं औषध पिल्लांना दोन-तीन आठवड्यांपासून, दर दोन आठवड्यांनी. लस सहा ते आठ आठवड्यांपासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांची होईपर्यंत. चौथ्या आठवड्यात पसरट ताटलीत ओलं खाणं, आधी त्यात पाय घालतील, मग खातील. त्याच सुमारास उथळ ट्रे. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात रोज थोडा वेळ हातात घ्या, वेगवेगळ्या माणसांच्या. या काळात माणूस न लाभलेलं पिल्लू पुढे बुजरं राहतं. नव्या घरी आठ आठवड्यांच्या आत देऊ नका, दहा-बारा झाले तर उत्तम.

घरात कुणी गरोदर असेल तर ट्रे दुसऱ्याने, रोज साफ करावा. टोक्सोप्लाझ्माची (गर्भाला इजा करू शकणारा सूक्ष्म परजीवी) अंडी विष्ठेत पडल्यावर रोग पसरवण्याजोगी व्हायला निदान एक दिवस लागतो, त्यामुळे रोजची सफाई हेच मोठं संरक्षण.

सडाफटिंग:
अवांतर: एकाच वेळची पिल्लं इतकी वेगवेगळ्या रंगांची कशी?

चौथा प्रहर:
एकाच माजात वेगवेगळ्या बोक्यांची पिल्लं राहू शकतात. मांजरीत बीज मिलनानंतर सुटतं, आणि बोके रांगेत असतात.

यावरूनच पुढचं. "पाजतेय तोवर लागत नाही" यावर विसंबू नका. विण्यानंतर काही आठवड्यांत, पिल्लं अंगावर पीत असतानाही ती माजावर येऊ शकते. मोठ्याने ओरडणं, जमिनीवर लोळणं, ढुंगण वर करून मागचे पाय आपटणं दिसलं की खिडक्या-दारं बंद. नसबंदीची तारीख पिल्लं सुटी झाल्यावर दोनेक आठवड्यांनी, दूध आटल्यावर. सड भरलेले असताना टाके घालणं डॉक्टरांना अवघड जातं. दूध आटवायला पिल्लं एकदम तोडू नका, चार-पाच दिवसांत वेळ कमी करत जा आणि तिचं खाणंही हळूहळू नेहमीच्या मापावर आणा.

सडाफटिंग:
आणि पिल्लांची? चार महिने थांबायचं?

चौथा प्रहर:
चार महिन्यांच्या पुढे थांबू नका एवढं नक्की, कारण मादी पिल्लू त्या वयात माजावर येऊ शकतं. बरेच डॉक्टर १ किलो वजन भरल्यावर करतात. भाऊ-बहीण एकत्र वाढत असतील तर आधी जो हाती लागेल त्याची तारीख घ्या.